मारायच्या आधी हापसा

बाई,

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली आणि एकजात सगळे तुमच्याबद्दल खोटं बोलले.

हेडमास्तर म्हणाले, बाई अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या. शांत? तुम्ही? चिडलात की तुम्ही आवाज चढवत नव्हता, एवढंच खरं. हातातला खडू मोडायचात. मग त्या अर्ध्याचे दोन, त्या दोनाचे चार. वर्ग चिडीचूप व्हायचा, कारण खडू संपल्यावर तुम्ही काय कराल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळा सुटली की आम्ही टेबलाखालचे तुकडे वेचून घरी न्यायचो. आमच्या गल्लीतल्या भिंतींवरच्या रेघोट्या बहुतेक तुमच्या रागातूनच निघालेल्या आहेत. सरपंच म्हणाले, बाईंनी उभ्या जन्मात कुणाचं मन दुखवलं नाही. हे त्यांनी कुणाला विचारून सांगितलं कोण जाणे. मला विचारलं असतं तर मी नावं सांगितली असती.

मग सुभाष उठला. माझ्याच वर्गातला सुभाष. आता गावच्या शिक्षण समितीवर आहे, गळ्यात रुमाल टाकून हिंडतो. त्याने भुवईवर आलेले केस मागे सारले आणि सगळ्यांना खूण दाखवली.

"दखा, हाई विमलनी करेल शे. मना डोकामा पाटी घालेल व्हती तिनी. आनि आते दखा, तीच विमल अंगणवाडी चालाडस. बाईसनी वाघीननी गाय करी टाकी!"

हशा पिकला. तुमच्या फोटोला हार घातलेला, उदबत्ती जळतेय, आणि लोक हसताहेत. माझे कान तापले.

एवढ्यावर निभावलं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. पण हेडमास्तर आभार मानायला पुन्हा उठले आणि जाता जाता म्हणाले, "बाईंच्या शब्दाखातर आपण एका विद्यार्थ्याला सांभाळून घेत होतो. आता इतर मुलांचाही विचार करावा लागेल. सोमवारी त्याच्या पालकांच्या हातात दाखला देऊन टाकू." नाव घेतलं नाही, पण नाव घ्यायची गरजच नव्हती. तिसरीतला पिंट्या. बाप सुरतेला लूमवर, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा त्याने एका पोराच्या दंडाला चावा घेतला. त्याच्या आधी कंपासपेटी फेकून मारली होती. पिंट्याची आई मागे दाराशी उभी होती, शेतातून तशीच तुम्हाला हात जोडायला आलेली. तिने पदर तोंडाला लावला आणि खाली बघितलं.

म्हणजे एकाच सभेत, एकाच फोटोसमोर, माझी गाय झाली म्हणून हसायचं आणि पिंट्याची होत नाही म्हणून त्याला हाकलायचं. मी उठले आणि सभेतून चालती झाले. लोकांना वाटलं, बिचारी रडायला गेली. मी कुठे गेले हे त्या सगळ्यांत फक्त तुम्हाला कळलं असतं.

ते पुढे सांगते. आधी मागचं सगळं एकदा तुमच्यासमोर मांडते, कारण आता लोक ते आपापल्या सोयीने सांगणार आणि तुम्ही खोडून काढायला नाही.

मी मारायची. चिमटे, बुक्क्या, ढकलणं, वेणी ओढणं, जे हाताला येईल ते. मुलगी असून मारायची, म्हणून जास्त गवगवा. जो तो कारण शोधायचा. आजी म्हणायची, दृष्ट लागली. शाळेतले गुरुजी म्हणायचे, लाडावलीय. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, माय पल्याड जाऊन बसली म्हणून पोर अशी झाली. अहो, माय घरात होती तेव्हाही मी मारत होते! शाळेच्या पहिल्याच वर्षी मी एका पोराला खिडकीतून बाहेर लोटलं होतं. खिडकी बुटकी होती म्हणून बरं. काही माणसं उंच असतात, काही सावळी असतात, मी रागीट आहे. पण हे कुणाला पटत नव्हतं. दुसरीकडे कुठे तरी दोष ठेवला की लोकांना बरं वाटतं.

आईचं पल्याड जाणं मात्र खरं होतं. तुम्ही नाशिककडच्या. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, काय काय चालतं हे तुम्हाला पहिल्यांदा कळलं तेव्हा तुमचा विश्वास बसला नव्हता. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि गौराई बोळवायला नदीवर जातात, इथवर तुम्हाला आवडलं. पुढचं आवडलं नाही. पांझरेच्या अल्याड आमचं गाव, पल्याड दुसरं. दोन्ही गावांच्या बायका-पोरी दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना गाण्यातून शिव्या घालतात. याला बार म्हणतात. सासू काढायची, नवरा काढायचा, नाक, रंग, चूल, न्हाणी, काही म्हणता काही सोडायचं नाही. नियम एकच. नदीतलं नदीत. गौराई बोळवून वर चढलं की कुणी काही मनात ठेवायचं नाही, आणि गावात तर ते मुळीच आणायचं नाही.

माझ्या आईचं माहेर पल्याडचं. त्यामुळे दर आखाजीला ती त्या काठावर आणि मी या काठावर. पल्याडची सगळ्यांत तिखट गाणारी तीच. ती आमच्या अख्ख्या गावाला धुऊन काढायची, त्यात माझा बाप आला, आजी आली, मीही आले. आणि दोन दिवसांनी डोक्यावर गाठोडं घेऊन, कोरडी नदी ओलांडून घरी यायची आणि भाकरी थापायला बसायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तुम्ही आमच्या शाळेवर रुजू झालात त्या वर्षी मात्र ती परत आली नाही. आजीशी तिचं बिनसलं होतं. आणि माझा बाप इतका मऊ माणूस, की तिला आणायला जाऊ का हे विचारायलाही तो आजीकडेच गेला.

मी चौथीत होते. थंडीचे दिवस, गणिताचा तास. सुभाष मागच्या रांगेतून हळूच गायला लागला. त्या आखाजीला माझ्या आईने माझ्या बापावर म्हटलेली ओळ होती ती. नदीत म्हटली तेव्हा मीही खदखदून हसले होते. पण वर्गात? आई घरात नसताना? मी पाटी उचलली आणि तिच्या लाकडी चौकटीची कड त्याच्या कपाळावर घातली.

तुम्ही आधी त्याच्याकडे गेलात. हे माझ्या मनात पक्कं बसलंय. त्याच्या कपाळावर फडकं दाबून धरलंत, गुरुजींच्या मोटरसायकलवर बसवून त्याला शिंदखेड्याला पाठवलंत, टाके पडले. तो दिसेनासा झाल्यावर माझ्याकडे आलात. मला वाटलं, आता खडूऐवजी माझं काही तरी मोडणार. तुम्ही विचारलंत, "हात उचलायच्या आधी तुला कुठे काय झालं?"

का मारलंस, असं सगळे विचारायचे आणि उत्तर यायच्या आत एक ठेवून द्यायचे. कुठे काय झालं, असं कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही थांबलात.

"कान तापनात," मी म्हणाले. कान तापले, एवढंच मला कळलं होतं.

तेव्हाचे हेडमास्तर माझा दाखला लिहायला बसलेच होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "लिहा. सोबत माझ्या बदलीचा अर्जही देते." त्यांनी पेन खाली ठेवलं. आडगावी शाळेवर यायला कोण तयार होतं!

इथवरची गोष्ट ऐकली तर लोक टाळ्या वाजवतील. पण नंतर तुम्ही चुकलात, बाई, आणि तेही मी सांगणार आहे. शोकसभेत कुणी सांगितलं नाही म्हणून मुद्दाम सांगणार आहे. तुम्ही माझ्या रागाचं मूळ शोधायला निघालात आणि ते तुम्हाला बारात सापडलं. उन्हाळा लागला, पोरी गौराईची गाणी म्हणायला लागल्या, तेव्हा तुम्ही पाटलांच्या ओट्यावर गेलात. बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. तुम्ही उभ्या उभ्याच सांगितलंत, "मुलींच्या तोंडात ही भाषा घालू नका. त्यातूनच पुढे हाणामारी येते."

पाटलांच्या म्हाताऱ्या अक्कांनी सूप खाली ठेवलं. "बाई, वरीसमा येक दिन शे आम्हना. तो बी लई जाशात का?"

वर्षातला तो एक दिवसही तुम्ही नेणार का, असं त्या विचारत होत्या. उत्तर नसलं की तुम्ही हुकूम काढायचात. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंत, जी मुलगी बारात दिसेल तिने पुढच्या वर्षी माझ्यासमोर येऊ नये. सांगताना बघत माझ्याकडे होता.

मी गेलेच. नको म्हटलं की करायचंच, हा माझा स्वभाव एव्हाना तुम्हाला कळायला हवा होता. शिवाय त्या काठावर माझी आई असणार होती. वर्षभर मी तिला बघितलं नव्हतं.

आणि तुम्ही मला धरायला नदीवर आलात! भर उन्हात, छत्री घेऊन, परीटघडीची साडी नेसून. पल्याडच्या बायकांनी तुम्हाला बघितलं मात्र, त्यांना सणच झाला.

"छत्रीवाली बाई वं, छत्रीवाली बाई,
शाळा शिकाडस बठ्ठासले, इले शिवी येत नही!"

सगळ्यांना शिकवते आणि हिलाच शिवी येत नाही म्हणे! पाठोपाठ दुसरी ओळ तुमच्या चपलांवर आली, तिसरी तुमच्या चष्म्यावर. मी तुमच्याकडे बघत होते. तुमचे कान लाल झाले होते. तुमचा उजवा हात खडू शोधत होता आणि हातात खडू नव्हता. मग तुम्ही फाडकन छत्री मिटलीत, दोन पावलं पुढे गेलात आणि ओरडलात, "शिवी येत नाही काय? थांबा, टवळ्यांनो!"

दोन्ही काठ फुटले. आमच्या बायका हसल्या, त्यांच्या हसल्या. अशी जुनाट शिवी तिथे कुणी कधी ऐकलीच नव्हती. अक्कांना ठसका लागला. तुम्ही स्वतःच इतक्या हसलात की खाली दगडावर बसलात आणि पदराने डोळे पुसायला लागलात. पेपरात तुमचा फोटो छापलाय तो गंभीर आहे. मला विचाराल तर तुमचा खरा चेहरा त्या दगडावरचा.

त्या गलक्यात मी पुढे सरकले होते. मधल्या डबक्याच्या पाण्यात पाय घालून उभी राहिले. समोर आई होती. तिच्या डोक्यावर गौराई होती आणि ती माझ्याकडे बघायचं टाळत होती. मी जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हटलं,

"पल्याडनी माय वं, पल्याडनी माय,
आंडेर तुनी उपाशी, तू झोका खेळस काय!"

मी, तिची लेक, उपाशीबिपाशी काही नव्हते. आजी दोन्ही वेळा ताट वाढायची, बोलणी खायला घालायची तीही पोटभर. पण बारात खरंच बोललं पाहिजे असं काही नसतं. जिच्याकडे प्रत्येक शिवीला उत्तर असायचं ती माझी आई नुसती उभी राहिली. मग तिने गौराई शेजारणीच्या हातात दिली, पुढे आली आणि फाटक्या आवाजात गायली,

"अल्याडनी पोर वं, जीभ तुनी लांब,
बापले तुना पाय शेत का, इचार जराशी थांब!"

बापाला पाय आहेत का, विचार. म्हणजे आणायला का आला नाही, विचार. हे तिने वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. निरोप धाडणार तरी कशी आणि कुणाकडे? नदीत सांगता आलं. त्या संध्याकाळी ती ओळ बापाच्या कानावर गेली. नदीतलं नदीत ठेवायचं असतं, पण एवढ्या एका ओळीपुरता नियम मोडला आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावला नाही. आखाजी सरली आणि बापाने आजीला न विचारता बैलगाडी जुंपली.

परत येताना तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता. मला वाटलं, पुढच्या वर्षी वर्गात बसायचं नाही, हे ठरलेलंच. गावाच्या वेशीपाशी तुम्ही एकदम थांबलात.

"विमल, आईला बघितल्यावर कान तापले होते का?"

"तापनात ना."

"मग तू काही मारलं नाहीस कुणाला. दगड होते एवढे."

"गानं म्हनं ना मी," मी म्हणाले. इतकी सोपी गोष्ट तुम्हाला कशी कळत नाही, याचंच मला नवल वाटलं.

तुम्ही छत्री उघडलीत आणि माझ्या डोक्यावर धरलीत. चुकले, असं तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्हाला ते कधी जमलं नाही. पण पुढच्या वर्षापासून दर आखाजीला तुम्ही बाराला आलात आणि दर वर्षी पल्याडून तुमच्यावर नवी ओळ आली.

जूनमध्ये शाळा उघडली आणि तुम्ही मला हापसा दिलात. शाळेच्या आवारातला, दांडा कुरकुरणारा हापसा. कान तापले की न विचारता वर्गातून उठायचं, हापश्यावर जायचं, बादली भरायची आणि व्हरांड्यातल्या रांजणात ओतायची. राग उतरेपर्यंत भरत राहायचं. कुणी काही विचारणार नाही, तुम्हीही नाही. पण तुम्ही बोट वर करून बजावलंत, "मारायच्या आधी हापसा. मारल्यानंतर हापसा नाही. मारल्यानंतर माझ्यासमोर."

लोकांना वाटत असेल, तिथून सगळं सुरळीत झालं. कसलं सुरळीत! किती तरी दिवस मी आधी मारायची आणि मग हापश्याकडे धूम ठोकायची. तुम्ही मला वाटेतूनच परत आणायचात. आधी ज्याला लागलं त्याच्यापाशी बसायचात, मग मला टेबलाशेजारी बसवायचात, शाळा सुटेपर्यंत. बोलायचा नाहीत. खडू मात्र मोडत असायचा. हळूहळू मला ते ओळखू यायला लागलं. आधी कान, मग मान, मग हात. कान आणि हात यांच्यामधे थोडा वेळ असतो, तेवढ्यात दार गाठायचं. ते जमायला मला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी रांजण काठोकाठ भरलेला दिसे त्या दिवशी अख्ख्या शाळेला कळायचं, आज विमल पेटलीय. पोरं पाणी पिऊन मला ऐकू जाईल असं म्हणायची, "आज पानी गोड शे!" मी पुन्हा हापश्यावर.

तर बाई, माझी गाय झाली नाही. माझा राग तसूभर कमी झालेला नाही, नवऱ्याला विचारा. दहावीनंतर तुम्हीच मला अंगणवाडीचा अर्ज करायला लावलात. मी म्हटलं, मी पोरं मारीन. तुम्ही म्हणालात, "तुला त्यांची भीती वाटणार नाही. पुष्कळ झालं." अंगणवाडीची खोली शाळेच्या आवारात, हापश्यासमोर मिळाली, त्यात तुमचा हात होता हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

आपलं एक भांडण मात्र मिटलं नाही. दर आखाजीला नदीवरून परतताना तुम्ही विचारायचात, "मग विमल, झालं का?" म्हणजे सुभाषची माफी मागून झाली का. मी म्हणायची, "अजून नाही." तुम्ही म्हणायचात, राग चूक होता असं म्हणू नकोस, पाटी चूक होती एवढंच म्हण. मी म्हणायची, त्याने नदीतलं वर्गात आणलं, आधी त्याने म्हणावं. तुम्ही म्हणायचात, त्याचं तो बघेल, तुझं तू बघ. लग्न झालं, पोरं झाली, तरी तुमचा प्रश्न आणि माझं उत्तर तेच. धुळ्याच्या दवाखान्यात मी तुम्हाला शेवटचं भेटले तेव्हा तुम्हाला धड बोलवत नव्हतं. तरी विचारलंतच, "झालं का?" हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? जीभ वळली नाही. "अजून नाही," मी म्हणाले. तुम्ही डोळे मिटून हसलात आणि मग म्हणालात, "पिंट्याकडे बघ."

तुम्ही मला कधी पोटाशी धरलं नाहीत, डोक्यावरून हात फिरवला नाहीत. मला त्याची गरजही नव्हती. मला घाबरणार नाही आणि माझी कीवही करणार नाही असं एक माणूस मला हवं होतं, ते तुम्ही होता. मला तुमचा राग आवडायचा, बाई. माझ्यासारखं कुणी तरी मोठं होऊन शिक्षिका झालंय, साडी नेसून, चष्मा लावून फळ्यासमोर उभं आहे, हे बघून मला वाटायचं, आपणही जगू. हे दवाखान्यात म्हणायला हवं होतं. मी संत्री सोलत बसले.

आता परवाचं. मी सभेतून उठले ती हापश्यावर गेले. बादली भरली, ओतली, भरली, ओतली. पदर भिजला. कान निवले तशी आत गेले आणि सरळ तुमच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिले.

"माझी गाय झालेली नाही," मी म्हणाले. "आत्ता मघाशी सुभाषला दुसरी पाटी घालावी असं मला वाटत होतं. म्हणून बाहेर जाऊन आले. खोटं वाटत असेल तर जा, बघा, रांजण भरलाय."

मी हेडमास्तरांकडे वळले. "बाईंनी मला बदललं नाही. वर्गातून उठून जायची वाट दिली. पिंट्यालाही देत होत्या, मधेच दवाखाना आला. त्याला अजून वाट नीट सापडलेली नाही. दाखला लिहायचा तर आत्ता, माझ्यासमोर, बाईंच्या फोटोसमोर लिहा."

हेडमास्तर वाईट माणूस नाही, बाई. त्यांनी विचारलं ते रास्तच होतं. "तो वर्ग सोडून बाहेर गेला तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? आणि ज्याला तो चावला त्याच्या घरी मी काय सांगू?"

"अंगणवाडीचं दार हापश्यासमोर आहे. लक्ष मी ठेवीन. आणि त्या पोराच्या घरी मी त्याच दिवशी जाऊन आलेय. आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जायचं, एवढं शिकलेय मी. त्याची आई मला वाट्टेल ते बोलली. ऐकून घेतलं."

हेडमास्तरांनी समितीच्या माणसाकडे बघितलं. समितीचा माणूस म्हणजे सुभाष. तो भुवईवरची खूण चोळत होता.

"गुरुजी, ऱ्हाऊ द्या पोऱ्याले," तो म्हणाला. "डोकं मनं फुटनं, पन शाळा ना मनी सुटनी, ना तिनी."

दिवाळीपर्यंत बघू, असं ठरलं. दिवाळीनंतर पुन्हा भांडायला मी आहेच. पिंट्याच्या आईने दारातून मला हात जोडले. मी तिला म्हटलं, मला नको, तिकडे जोड. ती तुमच्या फोटोपुढे आली आणि मग खरंच रडली. तिच्यामागे मीही रडले, सगळ्यांसमोर.

सभा पांगल्यावर सुभाष हापश्यावर हात धुवायला आला. मी बादली विसळत होते.

"बाई दर आखाजीले माले इचारेत," तो म्हणाला. "मंग सुभाष, झालं का?"

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही फक्त माझ्याच मागे लागला आहात. "मंग तू काय सांगे?"

"पहिले तिले म्हना, असं सांगू."

आम्ही दोघं हसत सुटलो, शोकसभेच्या दारात. मग तो म्हणाला, "म्हनी टाक आते." मी म्हटलं, "तू म्हन." "तू पहिले." "नही, तू." त्याने रुमालाला हात पुसले आणि निघून गेला.

आज सोमवार. दाखला लिहिला गेला नाही. सकाळच्या सुट्टीआधी पिंट्या वर्गातून तीरासारखा बाहेर आला. मुठी आवळलेल्या, कान लालबुंद. मी दारात उभी होते, जागची हलले नाही. तो हापश्याच्या दांड्याला लोंबकळला. अंगात वजन नाही, दांडा वर गेला की त्याचे पाय जमिनीवरून उचलतात. बादली अर्धी भरायची, त्यातलं अर्धं वाटेत सांडायचं. रांजण आधीच भरलेला होता, तरी तो ओततच राहिला. पाणी व्हरांडाभर झालं. हेडमास्तर बाहेर आले, त्यांनी पँट वर धरली, पिंट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. पिंट्याने कुणाला मारलं नव्हतं, बाई. मी वर्गात जाऊन विचारून आले. आज त्याने कुणालाही मारलं नव्हतं.

आखाजीला अजून खूप अवकाश आहे. त्या दिवशी मी बाराला जाईन, पल्याडच्या तुमच्यावर ओळ म्हणतील ती ऐकेन आणि आमच्या बाजूने चांगलं सणसणीत उत्तर देईन. परत येताना वेशीपाशी थांबेन. तुम्ही विचारालच.

अजून नाही, बाई. पण तुम्ही विचारायचं सोडू नका.